घरात डॉक्टर असताना

हैदराबादेत, विद्यानगरच्या आमच्या गल्लीत तातेराव गायसमुद्रे यांच्या फाटकावर एक पितळी पाटी आहे. 'डॉ. नागसेन ता. गायसमुद्रे, बी.पी.टी.' असं तिच्यावर आधी मराठीत आणि खाली इंग्रजीत कोरलंय. मुलगा फिजिओथेरपीची शेवटची परीक्षा पास झाला त्याच आठवड्यात तातेराव ती पाटी करून घ्यायला कोठीच्या बाजारात निघाले आणि शेजारी म्हणून मलाही सोबत घेतलं. पाटीवाल्यानं कागदावरचं नाव वाचून विचारलं, "बी.पी.टी. बोले तो क्या साब?"

"हड्डी का डॉक्टर," तातेराव म्हणाले.

मला गप्प बसवेना. "तातेराव, हाडाचा डॉक्टर वेगळा असतो. हा व्यायाम करून घेऊन हातपाय चालते करणारा."

"हिम्मतराव, तुमी केमिस्ट्री शिकून जिंदगीभर विमा विकलाव. डिग्रीच्या बाबतीत तुमी बोलू नका."

मी बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि कॉलेज सुटल्यावर परीक्षानळीला हात लावलेला नाही. विमा कंपनीनं पदवी आहे का एवढंच विचारलं, कशातली ते विचारलं नाही. माझी बायको अजून म्हणते की तुम्हाला साधा मोरीतला डाग काढता येत नाही, कसली केमिस्ट्री शिकलात. मी ते हसण्यावारी नेतो. तातेरावांना मात्र पदवीबद्दल हसलेलं चालायचं नाही.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. ते देगलूरकडचे, मी उदगीरकडचा. आमच्या गावात त्यांच्या समाजाच्या माणसांना आमच्या ओसरीवर चढू देत नसत, पाणी वरून ओतत. हैदराबादला येऊन ते रेल्वेत चिकटले, मी विम्यात, आणि निवृत्तीनंतर आम्ही दोघं रोज सकाळी विद्यापीठाच्या आवारात एकत्र फिरायला जायचो. फिरून झालं की एकाच बाकावर बसून इराणी चहा. त्यांच्या घराण्यात दहावी पास होणारे ते पहिले. त्यांच्या मुलाच्या नावाआधी 'डॉ.' लागलं, तेव्हा ते त्या पाटीसमोर उभे राहून कितीतरी वेळ तिला धोतराच्या सोग्यानं पुसत होते.

नागसेनला बायोलॉजी त्यांनीच घ्यायला लावली. आमच्या हैदराबादेत दहावी झाली की पोराला दोनच वाटा दाखवतात, गणिताची नाहीतर बायोलॉजीची, आणि पंधरा वर्षांच्या पोरानं काय ठरवलं यावर अख्ख्या घराची झोप अवलंबून असते. बायोलॉजी घेतली म्हणजे डॉक्टर, हे गृहीत. मग दिलसुखनगरचे क्लास. त्या क्लासांच्या बोर्डांवर पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे फोटो असतात. पुढं त्या पोरांचं काय झालं, याचा बोर्ड मी तरी कुठं पाहिलेला नाही. नागसेनचा मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला आणि फिजिओथेरपीला लागला. पोरगा हुशार आणि मेहनती होता, वर्गात पहिल्या काहींत असायचा.

पास झाल्यावर तो एका खासगी दवाखान्यात लागला. तिथं दिवसभर काम एकच, पेशंटच्या गुडघ्याला शेकायचं मशीन लावायचं आणि घंटी वाजली की काढायचं. पेशंट त्याला 'ओ मशीनवाले' म्हणून हाक मारायचे. पगार इतका की तो सांगताना इकडंतिकडं बघायचा. दीडेक वर्ष कळ काढली आणि मग मित्रानं सांगितलेला मेडिकल कोडिंगचा कोर्स केला, तोही दिलसुखनगरलाच.

हे कोडिंग काय प्रकरण आहे ते मला त्यानंच समजावलं. अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या फाइली कम्प्युटरवर इथं येतात. त्या वाचायच्या आणि पेशंटला काय झालं, त्याच्यावर काय केलं, याला ठरलेले नंबर द्यायचे. त्या नंबरांवर तिथली विमा कंपनी बिल भरते. मला हसू आवरेना. केमिस्ट्रीवाला म्हातारा विम्यात आणि फिजिओथेरपीवाला पोरगाही शेवटी विम्यातच. तो म्हणाला, "काका, आमच्या फ्लोअरवर नर्सिंगवाले आहेत, फार्मसीवाले आहेत, डेंटिस्टसुद्धा आहेत." एक वनस्पतिशास्त्रवालीही होती, शिवानी. तिच्याशीच त्याचं लग्न झालं. घरात गाडी आली, वरचा मजला चढला. नागसेन सुखात दिसत होता.

तातेरावांनी मात्र या सगळ्याचं आपल्यापुरतं भाषांतर करून टाकलं होतं. कोणीही विचारलं की ते छाती काढून सांगायचे, "पोरगा अमेरिकेचे पेशंट पाहतो. कम्प्युटरवर." चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक पुकारायचा, "आपले डॉक्टर नागसेन." नागसेन तेव्हा खाली वाकून बुटाची नाडी बांधायचा. बूट बिननाडीचा असला तरी. मला त्यात गंमत वाटायची, आणि बापाचं समाधान होतंय तर होऊ दे, असं सगळ्यांनाच वाटत असणार.

डिसेंबरात एक दिवस आम्ही विद्यापीठाच्या आवारात चालत होतो. तातेरावांची डाव्या पायाची चप्पल मागं राहिली आणि ते तसेच पुढं चालत निघाले. मी म्हटलं, "तातेराव, चप्पल दान केली काय?" ते माझ्याकडे वळले, तर तोंड एका बाजूला उतरलेलं. दवाखान्यात वेळेत पोचलो म्हणून जीव वाचला, वाचाही राहिली. डावा हात आणि डावा पाय मात्र पक्षाघातानं गेला.

दवाखान्यातून सोडताना तिथल्या डॉक्टरणीनं निक्षून सांगितलं की पहिले तीन-चार महिनेच खरे. रोज चांगला फिजिओथेरपिस्ट घरी येऊ द्या, जे परत यायचं ते याच दिवसांत येईल. ओळखीच्या एकाचा फोननंबरही दिला. घरी पलंगावर टेकल्या टेकल्या तातेरावांनी ती चिठ्ठी चुरगाळून उशाशी टाकली.

"घरात डॉक्टर असताना बाहेरचा कामून?" ते म्हणाले.

खोलीत मी होतो, त्यांची बायको सरुबाई होती, दारात पाण्याचा तांब्या घेऊन शिवानी. आम्ही सगळ्यांनी नागसेनकडे पाहिलं. त्यानं गळा साफ केला. "हौ बाबा. मी करतो ना." शिवानीनं तांब्या खाली ठेवला आणि आत गेली.

"जयंतीला मला हॉलमध्ये न्यायचं," तातेराव म्हणाले. "वंदना म्हणायची तर दोन्ही हात जोडून म्हणायची. एका हातानं मी म्हणणार नाही. सांगून ठेवलो."

म्हणजे चौदा एप्रिलपर्यंत तो डावा हात छातीपर्यंत उचलायचा होता. तातेरावांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पाय त्यांच्या लेखी नंतरचा. हा माणूस देवाधर्मातला नाही, नवस-सायास त्याला माहीत नाहीत. वर्षातून एक दिवस हॉलमधल्या तसबिरीला हार घालून, दोन्ही हात जोडून उभं राहायचं, एवढंच त्यानं आयुष्यभर पाळलेलं. ते गेलं असतं तर तो मनानं खचला असता, हे मला दिसत होतं.

मी रोज सकाळी त्यांच्याकडे चहाला जाऊन बसायला लागलो. एकट्यानं फिरायला जायचं मन होत नव्हतं. नागसेन कामावर बसायच्या आधी घाईघाईनं बापाचा व्यायाम करून घ्यायचा. टीव्हीच्या कपाटात वर्तमानपत्राआड मोबाइल उभा करून ठेवलेला असायचा, आणि त्यावर कुणीतरी गोरी बाई पेशंटचा हात हलवून दाखवत असायची. नागसेन जरा बघायचा, थांबवायचा, पलंगाकडे यायचा, करायचा, परत कपाटाकडे जायचा. पलंगावरून ते दिसत नव्हतं, माझ्या खुर्चीवरून दिसायचं. मला वाटलं, उजळणी करत असेल. वकील नाही का पुस्तक बघत.

मग "उठा बाबा" म्हणून तो त्यांचा डावा हात धरून ओढायचा आणि बसता करायचा. छताच्या हुकाला दोरी टांगलेली होती, तिनं तो हात डोक्याच्या वर खेचायचा. तातेरावांचे ओठ पांढरे पडायचे. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर लावून बसायचे. दुखतंय का, हे नागसेन विचारायचा नाही आणि तातेराव सांगायचे नाहीत. काम बहुतेक घरूनच असायचं, ऑफिसला आठवड्यातून एखादा दिवस; लॉग-इनची वेळ झाली की पोरगा वर पळायचा. त्याला दिवसाला ठरलेल्या फाइली संपवाव्या लागत, आणि नंबर चुकला तर वरून विचारणा होई.

फेब्रुवारीत एकदा सरुबाई भाजी घ्यायला बाहेर गेल्या, तेव्हा तातेरावांनी मला जवळ बोलावलं.

"हिम्मतराव, खांदा तोडून बाजूला ठेवावा वाटायलंय. झोपच येईना. या कुशीवर पडलो की कळ थेट बोटापर्यंत जाते."

"मग नागसेनला सांगा की."

"नक्को. इलाज म्हणलं की दुखणारच. आन् पोराला वाटंल आपल्याला जमेना. त्याचं मन मोडंल." त्यांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं. "तुमी सांगू नका. शब्द द्या."

मी शब्द दिला नाही, नुसती मान हलवली. त्या मानेचा अर्थ त्यांनी त्यांचा काढला, मी माझा. मला इतका राग आला होता की घरी जाऊन जेवण गेलं नाही. खांदा एका बाजूनं खाली उतरल्यासारखा दिसतोय हे मी स्वतः पाहिलं होतं, आणि मी काही डॉक्टर नव्हे. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायला नागसेननं गाडीचं दार उघडलं, तसा मी पुढं जाऊन उभा राहिलो.

"तुझ्या बापाचा खांदा दुखायलाय. लई. झोपत नाहीत ते. तुझ्यापासून लपवायलेत."

तो सीटवर बसला, पाय बाहेरच ठेवून. मला वाटलं, आता काहीतरी डॉक्टरी भाषेत समजावेल. तो म्हणाला, "काका, मला काहीच आठवत नाही."

"म्हणजे?"

"पेशंटला हात लावून किती वर्षं झाली. बाबांच्या सिकनेसला अमेरिकेत नंबर आहे. कोणती साइड गेली, माणूस राइट-हँडेड की लेफ्ट-हँडेड, सगळं त्या नंबरमध्ये येतं. तो मला पाठ आहे. पण खांदा कुठून पकडायचा... मी बघून बघून करायलो. शुअर नसतो."

"मग बोलला कामून नाहीस?"

"कोणाला बोलू?" त्यानं फाटकाकडे पाहिलं. "ती पाटी मी लावली काय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याला चार शब्द सुनवावेत म्हणून मी तोंड उघडलं, तर मागं शिवानी येऊन उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. "मी पहिल्याच दिवशी म्हणले होते, हर्षवर्धनला बोलवा म्हणून," ती म्हणाली. "हे म्हणाले, बाबांना काय वाटेल. आता काय वाटायलंय बाबांना?" तिनं तिथंच, गाडीशी उभं राहून फोन लावला.

हर्षवर्धन हा नागसेनचा कॉलेजमधला मित्र. तेलुगू पोरगा, स्कूटरवरून घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करायचा. संध्याकाळी तो आला. चप्पल काढली, हात धुतले, आणि पलंगापाशी येऊन पहिला प्रश्न विचारला, "अंकल, दर्द किधर है?"

तातेरावांनी नागसेनकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुछ दर्द नहीं."

हर्षवर्धननं खांद्याच्या टोकावर बोट ठेवून हलकेच दाबलं. बोट आत गेलं. हाड आणि खोबणीच्या मध्ये बोटभर जागा पडली होती. पक्षाघातानं खांदा धरून ठेवणारे स्नायू ढिले पडतात, अशा हाताला धरून ओढलं की हाड खोबणीतून खाली सरकतं, असं त्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "हाथ पकड के किसने खींचा?"

"मी पडलो होतो," तातेराव घाईनं म्हणाले. "मोरीत. गिरा था मैं."

"नाही बाबा," नागसेन म्हणाला. "मैं खींचा, हर्षा."

हर्षवर्धन त्याच्याकडे बघत राहिला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "अन्ना, ये तो अपन को सेकंड इयर में पढ़ाए थे. सबसे पहले यही पढ़ाए थे."

"मालूम है," नागसेन म्हणाला. मग तो बापाच्या पायाशी बसला. "बाबा, मी पेशंट पाहत नाही. कधीच पाहत नव्हतो. मी फाइली वाचतो. नंबर टाकतो."

सरुबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. तातेरावांनी विचारलं, "अमेरिकेच्या?"

"हौ. अमेरिकेच्या."

"फाइली."

"हौ."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला तिथं बसणं अशक्य झालं. मी चहा अर्धा टाकून घरी आलो.

त्यानंतर तातेराव मुलाशी बोलेनासे झाले. शिवीगाळ नाही, आदळआपट नाही. नागसेन खोलीत आला की हं, नाही, राहू दे, एवढंच. मी एकदा चिडून म्हटलं, "ती पाटी काढून टाकू का? स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहे." त्यांनी डोळे उघडले. "राहू द्या. पास तर झालाय ना तो. ते कोणी खोडू शकतंय का?" आणि जरा थांबून, "मी सगळ्या लोकांना सांगितलो की हो, हिम्मतराव. कुठं कुठं सांगितलो." त्यांचा आवाज फाटला. मी त्यांच्या उशाशी बसलो. मलाही रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

हर्षवर्धन रोज यायला लागला. कोठीतून हाताला बांधायचा पट्टा आणला, छताची दोरी स्वतः सोडून टाकली. पाय लवकर सुधारला, चार पायांची काठी धरून तातेराव खोलीत थोडे चालू लागले. खांद्याचं मात्र त्यानं स्पष्ट सांगितलं की महिने लागतील, आणि पूर्वीसारखा होईलच असं नाही. चांगला पोरगा होता. हात नरम होता त्याचा. त्याच्या हातात खांदा असताना तातेरावांचे ओठ पांढरे पडायचे नाहीत.

मार्चच्या सुरुवातीला एक दिवस, तातेरावांचा दंड हातात धरलेला असतानाच, तो नागसेनला म्हणाला, "अन्ना, तुम्हारी कंपनी में ओपनिंग है क्या? मैं कोडिंग का कोर्स कंप्लीट कर लिया."

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. थट्टा नव्हती. त्याचं लग्न ठरत होतं. मुलीचा बाप म्हणत होता, स्कूटरवर फिरणारा मुलगा नको, ऑफिसात बसणारा पाहिजे. पावसापाण्यात घरोघरी फिरून त्यालाही वीट आला होता. आत्ता नाही गेलो तर नंतर वय निघून जाईल, म्हणाला.

मी भडकलो. "अरे, तुला हे येतं! हे इतकं चांगलं येतं तुला!"

"अंकल, नागसेन अन्ना मेरे से अच्छा करता था कॉलेज में," तो शांतपणे म्हणाला. राग होता, पण तो काढायला समोर कोणी नव्हतं. दोन पोरं उभी होती, दोघंही घामाघूम, आणि दोघांचंही म्हणणं मला समजत होतं. नागसेननं विचार केला आणि म्हणाला, "रेझ्युमे भेज दे. मैं रेफर करता." ते शब्द बोलताना त्याला कळत होतं की आपण आपल्याच बापाचा फिजिओथेरपिस्ट काढून घेतोय. शिवानीलाही कळत होतं. ती म्हणाली, "दुसरं काय करणार होते ते? नाही म्हणणार होते?"

हर्षवर्धनला नोकरी लागली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. दुसरा माणूस शोधला, तर तातेराव अडून बसले. परत नव्या माणसानं अंगाला हात लावावा हे त्यांना नको होतं. मग हर्षवर्धननंच मार्ग काढला. "मैं जाने तक अन्ना को सिखाता," तो म्हणाला.

मी तेही सगळं खुर्चीवर बसून पाहिलं. नागसेननं लॉग-इनची वेळ पुढं ढकलून घेतली. हर्षवर्धन त्याचा हात धरून बापाच्या कोपराखाली ठेवायचा, दुसरा खांद्याच्या मागं. नागसेनची बोटं जरा आवळली की त्याच्या मनगटावर चापट मारायचा. "खींच मत. सपोर्ट दे. हल्लू." नागसेन मान डोलवायचा. कपाटातला मोबाइल आता तिथं नसायचा. तातेराव कॅलेंडरकडे बघत राहायचे. मुलाच्या हातांनी कळ आली तरी हर्षवर्धननं विचारल्यावर उत्तर तेच, "कुछ नहीं." आणि नागसेन अजूनही स्वतः विचारत नव्हता. त्याला धीर होत नसावा. बाप अबोला धरून बसलाय, आणि हा त्याचा हात धरून बसलाय, असे ते दोघं.

मग चौदा एप्रिल उजाडला. हॉल आमच्याच वस्तीतला, निळे झेंडे, बाहेर खिरीचं पातेलं. हॉलच्या दारापर्यंत चाकाच्या खुर्चीतून आणलं, तिथून तातेराव काठी टेकत स्वतः तसबिरीपर्यंत चालले. डावा हात पट्ट्यात होता. सूत्रसंचालकानं पुकारलं, "ज्येष्ठ उपासक तातेराव गायसमुद्रे, आणि त्यांचे चिरंजीव डॉक्टर नागसेन." मी नागसेनच्या पायांकडे पाहिलं. या वेळी तो वाकला नाही. हाराचं एक टोक तातेरावांनी उजव्या हातानं धरलं, दुसरं सरुबाईंनी, आणि हार तसबिरीला घातला. थोडा तिरका बसला.

वंदना सुरू झाली. सगळ्यांचे हात जोडले गेले. नागसेननं वडिलांना मागच्या खुर्चीवर टेकवलं, त्यांच्या हाताचा पट्टा सोडला आणि गुडघ्यावर बसला. एक तळहात कोपराखाली, एक खांद्यामागं. हात हळूहळू वर येऊ लागला. पोटापर्यंत आला, त्याच्या जरा वर आला. छाती अजून वीतभर लांब होती आणि तातेरावांचे ओठ पांढरे पडायला लागले होते. त्यांची नजर तसबिरीवर होती.

नागसेन थांबला.

"बाबा," तो म्हणाला, "दुखायलंय का?"

आजूबाजूला लोक म्हणत होते, त्यामुळं कोणाला ऐकू गेलं नसेल. मी शेजारी होतो. तातेरावांनी तसबिरीवरून नजर काढली आणि मुलाकडे पाहिलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा नीट पाहिलं.

"हौ," ते म्हणाले. "लई दुखायलंय." आणि उजव्या हाताच्या बोटानं खांद्याच्या मागची जागा दाखवली. "इथं."

नागसेननं मान हलवली. त्यानं हात वर रेटला नाही. उलट थोडा खाली घेतला, पोटाशी, जिथं कळ नव्हती तिथं आणला, आणि दोन्ही तळहातांनी तसाच धरून राहिला. छातीपर्यंत हात काही पोचला नाही. पुढच्या वर्षी पोचेल का, ते कोणी सांगू शकत नव्हतं.

तातेराव जरा वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात खाली नेला, पोटापाशी मुलाच्या हातात असलेल्या डाव्या तळव्याला लावला, आणि तिथंच जोडला. वंदनेच्या दोन ओळी तोवर पुढं गेल्या होत्या. त्यांनी पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली.